अल्पिना बी१० बाय-टर्बो

अल्पिना बी१० बाय-टर्बो ही जर्मनीतील अल्पिना या कंपनीने १९८९ ते १९९४ या काळात तयार केलेली चार दरवाजांची वेगवान सेडान मोटारगाडी आहे. बी.एम.डब्ल्यू. कंपनीच्या ५३५आय या गाडीवर ती आधारलेली होती. ३.४ लिटर क्षमतेच्या सहा सिलिंडरी इंजिनाला दोन टर्बोचार्जर जोडून अल्पिनाने तिची शक्ती ३६० अश्वशक्तीपर्यंत वाढवली होती. ताशी २९० किलोमीटरच्या घरात जाणाऱ्या कमाल वेगामुळे ती आपल्या काळातील सर्वांत वेगवान चार दरवाजांच्या गाड्यांपैकी एक ठरली. एकूण ५०७ गाड्या तयार झाल्या.

कारखान्यातून निघालेल्या गाडीत फेरफार करून तिची शक्ती व वेग वाढवण्याच्या व्यवसायाला 'ट्यूनिंग' असे म्हणतात. बी१० बाय-टर्बो या व्यवसायाचे एक अभिजात उदाहरण मानली जाते. केवळ इंजिनाची शक्ती वाढवून न थांबता त्या शक्तीला पेलतील असे ब्रेक, चाके, सस्पेन्शन आणि मागील धुरा यांचीही तिच्यात नव्याने जुळणी करण्यात आली. त्यामुळे रोजच्या वापरात ती शांत व आरामदायी राहिली आणि गरज पडताच त्या काळातील क्रीडा-मोटारींच्या बरोबरीने धावू शकली.

पार्श्वभूमी

अल्पिना हे नाव मूळचे कार्यालयीन यंत्रांचे होते. बूर्कार्ट बोफेनझीपेन (१९३६–२०२३) यांच्या वडिलांचा बव्हेरियातील काउफबॉयरेन येथे टंकलेखन यंत्रे व तत्सम यंत्रे बनवण्याचा उद्योग होता. बोफेनझीपेन यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी बी.एम.डब्ल्यू. १५०० या गाडीसाठी दोन वेबर कार्ब्युरेटरांचा संच तयार केला. हा संच बसवल्यावर १५०० ही गाडी तिच्याहून मोठ्या इंजिनाच्या १८०० या गाडीच्या तोडीची होत असे. बी.एम.डब्ल्यू.ने या संचाची तपासणी करून १९६४ मध्ये त्याच्या दर्जाला मान्यता दिली. संच बसवलेल्या गाड्यांची मूळ हमीही कंपनीने कायम ठेवली. गाडीत बाहेरच्या कारागिराने हात घातला की हमी संपते, या सर्वसाधारण नियमाला हा अपवाद होता. पुढील सहा दशकांच्या संबंधांचा पाया या मान्यतेने घातला गेला.

१ जानेवारी १९६५ रोजी अल्पिना ही स्वतंत्र कंपनी म्हणून नोंदवली गेली. १९७० मध्ये तिने बुकलोए या गावी स्थलांतर केले आणि पुढे तेच तिचे कायमचे ठिकाण झाले. कंपनीच्या बोधचिन्हात एका बाजूस कार्ब्युरेटर व दुसऱ्या बाजूस क्रँकशाफ्ट दाखवलेला आहे. कंपनीचा उगम इंजिनाच्या कामातून झाल्याची ती खूण आहे. आरंभीच्या काळात अल्पिनाने मोटार शर्यतींतही भाग घेतला. १९७० मधील स्पा येथील २४ तासांची शर्यत अल्पिनाच्या बी.एम.डब्ल्यू. २८०० सी.एस. गाडीने जिंकली होती.

टर्बोचार्जरचा वापर अल्पिनाने १९७८ मध्ये बी७ टर्बो या गाडीपासून सुरू केला. बी.एम.डब्ल्यू.च्या पहिल्या ५ मालिकेवर आधारलेल्या या गाडीची शक्ती ३०० अश्वशक्ती होती. नंतरच्या बी७ एस टर्बोमध्ये ती ३३० अश्वशक्तीपर्यंत वाढली. १९८३ मध्ये जर्मन शासनाने अल्पिनाला मोटारगाड्यांची स्वतंत्र उत्पादक म्हणून मान्यता दिली. त्यामुळे अल्पिनाच्या गाड्या कायद्याच्या दृष्टीने 'फेरफार केलेल्या बी.एम.डब्ल्यू.' राहिल्या नाहीत.

१९८८ मध्ये बी.एम.डब्ल्यू.ने ५ मालिकेची तिसरी पिढी बाजारात आणली. कंपनीच्या अंतर्गत संकेतानुसार ती ई३४ या नावाने ओळखली जाते. या पिढीवर आधारलेली बी१० बाय-टर्बो अल्पिनाने मार्च १९८९ मध्ये जिनीव्हा येथील मोटार प्रदर्शनात सादर केली.

इंजिन

या गाडीचा पाया असलेले बी.एम.डब्ल्यू.चे एम३० हे इंजिन १९६८ पासून वापरात होते. त्याचा ठोकळा ओतीव लोखंडाचा व वरचा भाग अ‍ॅल्युमिनियमचा होता. त्यात सहा सिलिंडर एका ओळीत, प्रत्येक सिलिंडरला दोन झडपा आणि एकच कॅमशाफ्ट अशी साधी रचना होती. बी१० बाय-टर्बो आली तेव्हा हे इंजिन जुने मानले जात होते. प्रत्येक सिलिंडरला चार झडपा असलेली इंजिने तोवर क्रीडा-मोटारींत रूढ झाली होती. मात्र जाड लोखंडी ठोकळा सिलिंडरमधील मोठा दाब सहन करू शकतो आणि टर्बो इंजिनात हाच गुण सर्वाधिक मोलाचा असतो. म्हणूनच अल्पिनाला हे जुने इंजिन सोयीचे ठरले.

टर्बोचार्जरचे तत्त्व सोपे आहे. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या उष्ण वायूंमध्ये बरीच ऊर्जा शिल्लक असते. ते वायू एका लहान चक्रावर सोडले की ते चक्र वेगाने फिरते. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला असलेले चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. जास्त हवा आत गेल्यामुळे जास्त इंधन जाळता येते आणि त्याच आकाराच्या इंजिनातून जास्त शक्ती मिळते. मात्र दाबलेली हवा तापते. तापलेल्या हवेत इंधनाचे मिश्रण योग्य क्षणापूर्वीच पेट घेऊ शकते. या अकाली ज्वलनाला 'नॉकिंग' म्हणतात आणि त्यामुळे पिस्टन निकामी होऊ शकतात.

हा धोका टाळण्यासाठी अल्पिनाने अनेक उपाय योजले. बी.एम.डब्ल्यू.कडून आलेले इंजिन बुकलोए येथे पूर्ण उघडून नव्याने जुळवले जाई. त्यात माहले कंपनीचे घडीव पिस्टन बसवले जात. मूळ इंजिनातील ९ : १ हे संपीडन गुणोत्तर ७.२ : १ इतके कमी करण्यात आले. दाबलेली हवा इंजिनात शिरण्यापूर्वी थंड करण्यासाठी इंटरकूलर बसवण्यात आला. इंधन व ठिणगी यांचे नियंत्रण करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेची जुळणीही बदलण्यात आली.

एका मोठ्या टर्बोऐवजी गॅरेट कंपनीचे टी२५ प्रकारचे दोन लहान टर्बो वापरणे हा या इंजिनाचा मुख्य विशेष होता. मोठे चक्र जड असल्याने त्याला गती घेण्यास वेळ लागतो. चालकाने अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यानंतर जोर उशिरा येतो आणि आला की एकदम येतो. ही दिरंगाई हा जुन्या टर्बो गाड्यांचा ठळक दोष होता. लहान चक्रे हलकी असल्याने लवकर गती घेतात. शिवाय सहा सिलिंडर एका ओळीत असले की पुढच्या तीन व मागच्या तीन सिलिंडरांचे दोन गट सहज पडतात. प्रत्येक गटातील सिलिंडरांचे वायू समान अंतराने बाहेर येत असल्याने प्रत्येक टर्बोला एकसारखे ढकल मिळतात. त्यामुळे शक्तीचा प्रवाह सलग राहतो.

या फेरफारांचे फलित आकड्यांतून स्पष्ट होते. मूळ ५३५आयची शक्ती २११ अश्वशक्ती व टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ३०५ न्यूटन-मीटर होता. बी१० बाय-टर्बोमध्ये शक्ती मिनिटाला ६००० फेऱ्यांवर ३६० अश्वशक्ती आणि टॉर्क ४००० फेऱ्यांवर ५२० न्यूटन-मीटर झाला. दोन्हींतील वाढ सुमारे ७० टक्के आहे. टर्बो इंजिनात कमाल शक्ती वाढवताना खालच्या फेऱ्यांतील जोर गमावण्याचा धोका असतो. शक्ती व टॉर्क सारख्याच प्रमाणात वाढल्याने येथे तो समतोल बिघडला नाही.

सस्पेन्शन, ब्रेक व चाके

शक्ती वाढली की गाडीच्या इतर भागांवरील भारही वाढतो. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी २९० किलोमीटरने धावणाऱ्या गाडीतील गतिज ऊर्जा ताशी १०० किलोमीटरने धावणाऱ्या त्याच गाडीतील ऊर्जेच्या आठपटीहून अधिक असते. गाडी थांबवताना ही सर्व ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णतेच्या रूपाने जिरवावी लागते. म्हणून पुढच्या चाकांना ३३२ मिलिमीटर व्यासाच्या, आतून हवा खेळणाऱ्या तबकड्या आणि चार पिस्टनांचे कॅलिपर देण्यात आले.

चाके १७ इंच व्यासाची होती. पुढे २३५ मिलिमीटर व मागे २६५ मिलिमीटर रुंदीचे टायर बसवले जात. इंजिनाची सर्व शक्ती मागील चाकांकडे जात असल्याने मागील टायर अधिक रुंद ठेवण्यात आले. वीस बारीक आऱ्यांची चाके ही अल्पिनाची ओळख आहे. या चाकांत हवा भरण्याची झडप कडेला नसून मध्यभागी, कुलूपबंद झाकणाखाली असते. एका पोकळ आरीतून हवा टायरपर्यंत पोहोचते.

सस्पेन्शनमध्ये पुढील बाजूस बिलस्टाइन कंपनीचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर व वेगळ्या ताठपणाच्या स्प्रिंगा वापरल्या गेल्या. मागील बाजूस भार वाढला तरी गाडीची उंची कायम राखणारी यंत्रणा होती. चार प्रवासी व सामान घेऊन लांबच्या प्रवासास निघालेल्या गाडीचा मागचा भाग खाली बसला, तर पुढच्या चाकांवरील भार कमी होऊन वेगात तिची स्थिरता घटते. ही यंत्रणा ते टाळत असे. मागील धुऱ्यावरील डिफरन्शियल दोन चाकांपैकी एकच चाक जागीच गरगरत राहू नये अशा मर्यादित घसरणीच्या प्रकारचे होते. शक्ती गेट्राग कंपनीच्या पाच गतींच्या, हाताने बदलायच्या गिअरबॉक्समधून जाई.

चालन-वैशिष्ट्ये

संथ गतीत बी१० बाय-टर्बो मूळ ५३५आयसारखीच वागते. सहा सिलिंडरांचे एका ओळीतील इंजिन स्वभावतःच समतोल असते. त्यामुळे कंप जाणवत नाही आणि आवाजही बेताचा राहतो. संपीडन गुणोत्तर कमी केल्यामुळे टर्बोचा दाब तयार होण्यापूर्वी, म्हणजे अगदी कमी फेऱ्यांवर, इंजिन काहीसे निवांत भासते. शहरातील रहदारीत क्लच किंवा स्टिअरिंग यांमुळे चालकाला विशेष कष्ट पडत नाहीत. आसने, काचा, वातानुकूलन व सामानाची जागा ही सर्व ५ मालिकेतील गाडीप्रमाणेच आहेत.

फेऱ्या वाढू लागल्या की दोन्ही टर्बो गती घेतात आणि गाडीचे स्वरूप पालटते. एका मोठ्या टर्बोच्या गाडीत जाणवतो तसा पाठीवरचा अचानक धक्का येथे बसत नाही. जोर भरतीच्या पाण्यासारखा चढत जातो. ४००० फेऱ्यांवर ५२० न्यूटन-मीटर टॉर्क मिळतो, याचा अर्थ त्या क्षणी इंजिन सुमारे २९५ अश्वशक्ती देत असते. त्याच फेऱ्यांवर मूळ ५३५आयचे इंजिन सुमारे १७५ अश्वशक्ती देते. म्हणजेच कमाल फेऱ्या गाठण्याच्या पुष्कळ आधी, इंजिनावर फारसा ताण न देता, चालकाला मोठी शक्ती उपलब्ध होते. पुढच्या गाडीला ओलांडताना गिअर खाली आणण्याची गरज क्वचितच पडते. या गाडीचा वेग आकड्यांपेक्षा सहजतेतून जाणवतो, असे तिच्या परीक्षणांत वारंवार नमूद झाले आहे.

शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठण्यास ५.६ सेकंद लागतात, असा कंपनीचा आकडा होता. मात्र गाडीची खरी ताकद यापुढील वेगात दिसते. आरंभीच्या काही सेकंदांत मागील टायरांची पकड हीच मर्यादा असते. गाडी वेगात आली की ती मर्यादा दूर होते आणि शक्ती पूर्णपणे वापरता येते. कमाल वेगाबाबत एक भौतिक नियम लक्षात घ्यावा लागतो. हवेचा विरोध मोडण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे शक्ती ७० टक्क्यांनी वाढवली तरी कमाल वेग सुमारे २० टक्क्यांनीच वाढतो. उरलेली शक्ती वाया जात नाही, तर मधल्या वेगांतील प्रवेग व चढण यांसाठी कामी येते.

टर्बोचा दाब चालकाला आपल्या आसनावरून कमी-अधिक करता येणे हे या गाडीचे वेगळेपण होते. एक बटण फिरवून दाब सुमारे ०.४ ते ०.८ बार या मर्यादेत ठेवता येत असे. ओल्या किंवा बर्फाळ रस्त्यावर मागील चाके घसरण्याचा धोका असतो. अशा वेळी दाब कमी केला की गाडी सौम्य होते. तिच्या शक्तीचे नियंत्रण अशा प्रकारे काही अंशी चालकाच्या विवेकावर सोपवलेले होते. टर्बोचा दाब व तेलाचे तापमान यांसारखी माहिती देणारा अंकीय दर्शक डॅशबोर्डवरील हवेच्या झरोक्यात बसवलेला असे.

वळणावर गाडीची पकड भक्कम आहे, तरी मागील सस्पेन्शनच्या तिरप्या भुजांच्या रचनेमुळे एक दक्षता आवश्यक ठरते. वळणात मध्येच अ‍ॅक्सिलरेटर एकाएकी सोडल्यास गाडीचा भार पुढे सरकतो, मागील चाकांचा कोन किंचित बदलतो आणि गाडीचा मागचा भाग बाहेर सरकू पाहतो. शिवाय वळणातून बाहेर पडताना टर्बोचा जोर अपेक्षेपेक्षा क्षणभर उशिरा येऊ शकतो. म्हणून वळणापूर्वीच वेग कमी करणे, वळणात अ‍ॅक्सिलरेटर स्थिर ठेवणे आणि गाडी सरळ होत असताना तो हळूहळू दाबणे, ही पद्धत या गाडीला मानवते. स्टिअरिंगची रचना तत्कालीन मोठ्या बी.एम.डब्ल्यू. गाड्यांप्रमाणे फिरत्या गोळ्यांच्या प्रकारची आहे. सरळ रस्त्यावर ती गाडीला निश्चल ठेवते, पण लहान गाड्यांच्या स्टिअरिंगइतकी तत्पर नाही. अरुंद घाटरस्त्यापेक्षा लांब, रुंद महामार्ग हेच या गाडीचे खरे क्षेत्र आहे.

बेल्जियमचे मोटार-पत्रकार पॉल फ्रेर यांनी रोड अँड ट्रॅक या अमेरिकी मासिकात या गाडीची मुक्तकंठाने प्रशंसा केली होती. फ्रेर हे स्वतः १९६० मधील ल माँ येथील २४ तासांच्या शर्यतीचे विजेते होते. त्यामुळे त्यांच्या अभिप्रायाला मोटार-जगतात विशेष वजन होते.

समकालीन गाड्या

१९९० च्या सुमारास जर्मनीत वेगवान सेडान गाड्यांची चुरस होती. बी.एम.डब्ल्यू.ची स्वतःची एम५ ही गाडी त्याच ई३४ पिढीवर आधारलेली होती. तिच्या ३.५ लिटर इंजिनाला टर्बो नव्हता. प्रत्येक सिलिंडरला चार झडपा व उच्च फेऱ्या यांच्या आधारे ते ३१५ अश्वशक्ती व ३६० न्यूटन-मीटर टॉर्क देई. एम५मधून पूर्ण शक्ती मिळवण्यासाठी इंजिन सतत उच्च फेऱ्यांत ठेवावे लागे. बी१० बाय-टर्बो तेच काम मधल्या फेऱ्यांत करत असे. एकाच गाडीच्या पायावर उभ्या असलेल्या या दोन गाड्या दोन भिन्न विचारसरणींच्या होत्या.

मर्सिडीज-बेंझची ५०० ई ही गाडी पोर्श कंपनीच्या सहकार्याने तयार झाली होती. तिच्या पाच लिटर क्षमतेच्या आठ सिलिंडरी इंजिनाची शक्ती ३२६ अश्वशक्ती होती. ओपेल ओमेगावर आधारलेली लोटस ओमेगा ही दोन टर्बोंची गाडी ३७७ अश्वशक्तीची होती. तिचा कमाल वेग ताशी सुमारे २८० किलोमीटर होता. ब्रिटनमध्ये लोटस कार्ल्टन या नावाने विकल्या गेलेल्या या गाडीच्या वेगावरून तेथील वृत्तपत्रांत वाद झाला. कुटुंबासाठीच्या गाडीला एवढा वेग कशासाठी हवा, असा प्रश्न त्या वेळी विचारण्यात आला.

जर्मन महामार्गांच्या काही भागांवर वेगाची कायदेशीर मर्यादा नाही. तेथे ताशी १३० किलोमीटर हा केवळ शिफारस केलेला वेग आहे. अशा रस्त्यांवरील वाढत्या वेगाबाबत समाजात चिंता व्यक्त होऊ लागल्यावर जर्मनीतील प्रमुख उत्पादकांनी आपल्या शक्तिशाली गाड्यांचा वेग इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने ताशी २५० किलोमीटरपर्यंत मर्यादित ठेवण्याचे स्वेच्छेने मान्य केले. एम५ व ५०० ई या दोन्ही गाड्यांना ही मर्यादा लागू होती. अल्पिनाने ती स्वीकारली नाही. बी१० बाय-टर्बोला मिळालेल्या प्रसिद्धीत या गोष्टीचाही वाटा होता. ताशी २९० किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदात सुमारे ८० मीटर अंतर कापते. त्यामुळे अशा वेगाचा उपयोग मोकळा रस्ता, कोरडे हवामान आणि अनुभवी चालक या तिन्ही गोष्टी जुळून आल्या तरच करता येतो.

उत्पादन व बाह्य स्वरूप

मूळ गाड्या बी.एम.डब्ल्यू.च्या डिंगॉल्फिंग येथील कारखान्यात बनत आणि अल्पिनाचे काम बुकलोए येथे होई. जर्मनीत या गाडीची आरंभीची किंमत १,४६,८०० मार्क होती. प्रत्येक गाडीत तिचा अनुक्रमांक कोरलेली पट्टी लावलेली असे.

बाह्यतः गाडीत फारसा भपका नाही. पुढच्या बंपरखाली अल्पिनाचे नाव असलेला खोल स्पॉयलर, मागे लहान स्पॉयलर, वीस आऱ्यांची चाके आणि ग्राहकाच्या इच्छेनुसार दोन्ही बाजूंना सोनेरी किंवा रुपेरी बारीक रेघा, एवढ्याच खुणा दिसतात. बहुतेक वाहनचालकांना तिच्यात व साध्या ५ मालिकेत फरक जाणवत नाही. अल्पिनाच्या ग्राहकवर्गाला हा संयमच अधिक पसंत होता.

एम३० इंजिनाचे उत्पादन १९९० च्या दशकाच्या आरंभी संपुष्टात आले. त्यानंतर बी१० बाय-टर्बोचे उत्पादनही फार काळ चालू राहू शकले नाही. १९९४ मध्ये शेवटची गाडी तयार झाली.

जतन व देखभाल

आज बी१० बाय-टर्बो संग्राहकांच्या गाड्यांत गणली जाते. तिचे अनेक सुटे भाग, उदाहरणार्थ बॉडीचे पत्रे, काचा व विद्युत उपकरणे, ५ मालिकेतील इतर गाड्यांसारखेच आहेत. पिस्टन, टर्बोकडे जाणाऱ्या नळ्या, अंकीय दर्शक व अंतर्भागातील खास कापड यांसारखे अल्पिनाचे भाग मात्र सहज मिळत नाहीत. म्हणून गाडी विकत घेताना हे भाग मूळचे व सुस्थितीत आहेत की नाहीत, याची तपासणी महत्त्वाची मानली जाते.

टर्बोंना पाण्याने थंड करण्याची सोय आहे. तरीही वेगात धावल्यानंतर इंजिन लगेच बंद न करता काही वेळ मंद चालू ठेवणे हितावह असते. इंजिन बंद होताच तेलाचा प्रवाह थांबतो आणि तापलेल्या टर्बोमधील तेल करपून त्याच्या बेअरिंगांची हानी होऊ शकते. त्याचप्रमाणे थंड इंजिनावर एकदम पूर्ण दाब देणेही टाळावे लागते. तेल पुरेसे तापेपर्यंत संयम ठेवणे हा या गाडीच्या दीर्घायुष्याचा पहिला नियम समजला जातो.

टर्बो इंजिनात दाब वाढवून आणखी शक्ती मिळवणे तुलनेने सोपे असते. त्यामुळे अशा जुन्या गाड्यांत नंतरच्या मालकांनी पुन्हा फेरफार केल्याची उदाहरणे आढळतात. पिस्टन, इंटरकूलर, ब्रेक व टायर हे सर्व एका ठरावीक शक्तीसाठी परस्परांशी जुळवलेले असताना केवळ दाब वाढवला, तर ती जुळणी मोडते. नॉकिंगचा धोका वाढतो आणि गाडीचे ऐतिहासिक मूल्यही घटते. बी१० बाय-टर्बोची कीर्ती तिच्या ३६० अश्वशक्तीइतकीच त्या शक्तीभोवती केलेल्या मोजक्या व नेमक्या बदलांवर उभी आहे. त्यामुळे मूळ जुळणी कायम असलेल्या गाड्यांना संग्राहक अधिक महत्त्व देतात.

वारसा

बी१० बाय-टर्बोनंतर अल्पिनाने काही काळ पेट्रोल इंजिनांत टर्बो वापरला नाही. तिच्या पुढच्या पिढीतील बी१० व्ही८ या गाडीत आठ सिलिंडरांचे, टर्बो नसलेले इंजिन होते. 'बाय-टर्बो' हे नाव परत आले ते २००० मध्ये, डी१० बाय-टर्बो या डिझेल गाडीच्या रूपाने.

एका ओळीतील सहा सिलिंडर व दोन लहान टर्बो ही रचना बी.एम.डब्ल्यू.ने स्वतः २००६ मध्ये ३३५आय या गाडीत स्वीकारली. तिच्या तीन लिटर इंजिनाची शक्ती ३०६ अश्वशक्ती होती. टर्बोची दिरंगाई कमी करून सलग जोर मिळवणे हाच त्या रचनेचाही उद्देश होता. अल्पिनाने मर्यादित संख्येत सिद्ध करून दाखवलेली कल्पना सतरा वर्षांनंतर मोठ्या प्रमाणावरील उत्पादनात रूढ झाली.

मार्च २०२२ मध्ये बी.एम.डब्ल्यू.ने अल्पिना या नावाचे हक्क विकत घेत असल्याचे जाहीर केले. त्यानुसार बुकलोए येथील जुन्या पद्धतीचे सहकार्य २०२५ च्या अखेरपर्यंत चालू ठेवण्याचे ठरले. ऑक्टोबर २०२३ मध्ये संस्थापक बूर्कार्ट बोफेनझीपेन यांचे निधन झाले.

तांत्रिक तपशील

इंजिन : एका ओळीत सहा सिलिंडर, ३४३० घन सेंटिमीटर
सिलिंडरचा व्यास व पिस्टनचा पल्ला : ९२ × ८६ मिलिमीटर
टर्बोचार्जर : दोन, गॅरेट टी२५
संपीडन गुणोत्तर : ७.२ : १
कमाल शक्ती : ३६० अश्वशक्ती (मिनिटाला ६००० फेऱ्यांवर)
कमाल टॉर्क : ५२० न्यूटन-मीटर (मिनिटाला ४००० फेऱ्यांवर)
गिअरबॉक्स : पाच गतींचा, हाताने बदलायचा
चालक चाके : मागील
टायर : पुढे २३५/४५, मागे २६५/४०, १७ इंच
वजन : सुमारे १७०० किलोग्रॅम
ताशी ० ते १०० किलोमीटर : ५.६ सेकंद
कमाल वेग : ताशी सुमारे २९० किलोमीटर
एकूण उत्पादन : ५०७